तरुण टेनरची पहिली दहा वर्षं : मुंबईत राहून काय, कधी आणि कोणत्या क्रमाने?

गिरगावकर
मुंबईत पाश्चात्त्य शास्त्रीय गायन मनापासून शिकणारी मुलं आता दिसू लागली आहेत. २००६ मध्ये एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. २००९ पासून गायिका पॅट्रिशिया रोझारिओ आणि पियानोवादक मार्क ट्रूप इथे येऊन शिकवू लागले. आणि १९९३ पासून बंद पडलेलं आपलं चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. पण मुलगा टेनर (पुरुषांतला उंच आवाज) असेल तर त्याला नेमकं कोणत्या क्रमाने पुढे न्यावं, याबद्दल मराठीत कुठेच नीट लिहिलेलं सापडत नाही. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच मांडतो. टेनरला संधी मिळत नाही असं होत नाही, ती फार लवकर मिळते, आणि घोटाळा तिथेच होतो. कुठल्याही क्वायरमध्ये (समूहगायनाच्या गटात) बायकांच्या रांगा भरलेल्या असतात, बास-बॅरिटोन असे खालचे पुरुषी आवाजही मिळतात, टेनर मात्र दोन-तीनच. त्यामुळे जरा वरचा सूर लागणारा अठरा वर्षांचा मुलगा सापडला की त्याला लगेच सोलो. डिसेंबरात तीन ठिकाणांहून बोलावणी. घरच्या कार्यक्रमात 'ते पावारोत्तीचं म्हण ना' हा आग्रह ठरलेला. गळा मात्र पंचविशीपर्यंत पुरता पक्का झालेला नसतो.

तर जाणकारांना प्रश्न: १८ ते २८ या काळात काय गावं, काय टाळावं, परीक्षा, भाषा, परदेश हे सगळं कधी?

ऑल्टोताई
क्वायरबद्दलचं म्हणणं शंभर टक्के पटलं, पण क्वायर सोडा असं कुणी सांगू नका. वाचून गाणं, दुसऱ्याचा सूर ऐकत आपला सांभाळणं, कंडक्टरच्या हाताकडे बघून श्वास घेणं हे सगळं तिथेच अंगवळणी पडतं. व्हिक्टर परांजोतींनी १९५६ मध्ये सुरू केलेली परांजोती अकॅडमी किंवा स्टॉप-गॅप्स यांच्यासारख्या गटांनी या शहराचा कान घडवला आहे.

पण क्वायर एकच असावा. टेनरची ओळ तासन्‌तास पियानोच्या मधल्या सी-च्या वरच्या डी ते एफ या सुरांवर लोंबकळत राहते. तिथे कंडक्टर 'ब्लेंड' मागतो, म्हणजे आवाज दाबून, कंप काढून, हलकं गायचं. अनुभवी माणूस ते श्वासावर तोलतो, नवखा घशाने आवळतो. दोन तासांच्या तालमीनंतर बोलण्याचा आवाज जाड किंवा खरखरीत झाला तर आवळणं चालू आहे असं खुशाल समजा. टेनर कमी म्हणून उंच बॅरिटोनला त्या ओळीत ढकलतात, तो तर आणखी मोठा अन्याय.

काळी_एक
मी हिंदुस्तानी संगीतातला. टेनरचा 'वरचा सी' म्हणजे आपल्या हिशेबात नेमका कुठे? आणि 'वळण', 'पॅसाजिओ' म्हणतात ते काय?

सूर_शोध
@काळी_एक, पुरुषाने काळी एकमध्ये सा धरला तर तार सप्तकाचा सा म्हणजे सुमारे २७७ हर्ट्झ आणि तार पंचम ४१५ हर्ट्झ. टेनरचा वरचा सी ५२३ हर्ट्झचा, म्हणजे काळी एकच्या तार सप्तकातला शुद्ध नी. तार पंचमाला जाऊन परत येणारे गवई भरपूर आहेत. टेनरला मात्र त्या पंचमाच्या शेजारी मुक्काम करावा लागतो, आणि वर त्याच जागी शब्द उच्चारावे लागतात.

आता पॅसाजिओ, म्हणजे खालचा आवाज वरच्या आवाजात बदलतो ती जागा, तेच वळण. लिरिक (हलक्या, मऊ) टेनरचं पहिलं वळण साधारण डीवर (२९४ हर्ट्झ) आणि दुसरं जीवर (३९२ हर्ट्झ). या दोहोंमधला पट्टा हीच तरुण टेनरची खरी शाळा. खालचा आवाज तसाच्या तसा वर रेटला की स्वरयंत्र उचललं जातं, हनुवटी पुढे येते, मानेच्या शिरा फुगतात, आणि जी-ए ही आरोळी होते. घाबरून सोडून दिलं की आवाज फॉल्सेटोत (पोकळ, नकली आवाजात) पडतो. या दोन्हींच्या मधली वाट शोधायला तीन-चार वर्षं सहज जातात.

रियाजाची एक पद्धत देतो. 'उ' किंवा बंद 'ओ'वर सा रे ग म प म ग रे सा. सुरुवात मधल्या सी-च्या खालच्या एफपासून, दर वेळी अर्धा सूर वर, सा मधल्या सीवर येईपर्यंत. असे आठ टप्पे होतात आणि शेवटच्या टप्प्यात पंचम बरोबर जीवर येतो. सूर चढेल तसा श्वासाचा जोर वाढवायचा नाही. 'आ' घेतला तर ई-एफच्या पुढे तो थोडा 'ऑ'कडे झुकू द्यायचा. मग कसोटी: ई किंवा एफवर सूर हलका लावा, हळूहळू मोठा करा, न तुटता परत हलका करा. जो सूर हलका लावता येत नाही तो अजून आपला झालेला नाही, कितीही मोठ्याने लागत असला तरी.

मनमोकळी
धागा माहितीचा आहे, पण थोडा असहमतीचा सूर लावते. 'थांबा, थांबा' करत बसलं तर गाडी निघून जाते. पेरूचा टेनर हुआन दिएगो फ्लोरेज याने १९९६ मध्ये इटलीतल्या पेझारोच्या रोसिनी महोत्सवात मूळ गायक आजारी पडल्यावर ऐन वेळी प्रमुख भूमिका केली तेव्हा तो २३ वर्षांचा होता. त्याच वर्षी डिसेंबरात मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात. जर्मन टेनर फ्रिट्झ वुंडरलिश १९५५ मध्ये स्टुटगार्टला लहानसहान कामं करत होता, आजारी सहगायकाऐवजी मोत्सार्टच्या 'द मॅजिक फ्लूट'मधला टामिनो गायला आणि तिथून त्याचं नाव झालं. तयारी असेल तर लवकर संधी वाईट कशी?

गिरगावकर
@मनमोकळी, मुद्दा रास्त. पण दोघं काय गायले ते बघा. फ्लोरेज लिमाहून फिलाडेल्फियाच्या कर्टिस संगीतसंस्थेत तीन वर्षं शिकून आला होता आणि रोसिनी त्याच्या हलक्या, चपळ गळ्याला मापात बसणारा. वुंडरलिशला मिळाला तो मोत्सार्ट. त्याऐवजी दोघांच्या हाती पुच्चीनीचं जड गाणं दिलं असतं तर?

उलट बाजू: पावारोत्ती एकोणिसाव्या वर्षापासून आरीगो पोला आणि नंतर काम्पोगाल्यानी यांच्याकडे शिकला. पोटासाठी शाळेत शिकवलं, विमा विकला. पहिला ऑपेरा २९ एप्रिल १९६१, पंचविशीत. जर्मन टेनर योनास काउफमान १९९४ मध्ये जर्मनीतल्या झारब्रुकेनच्या थिएटरात कायम गायक म्हणून लागला आणि कामाच्या रेट्यात आवाज हरवायची वेळ आली. मग मायकल ऱ्होड्स या शिक्षकाकडे त्याने तंत्र मुळापासून बदललं.

पियानो_सोबती
वय बाजूला ठेवा, पानं उघडा. काय गावं हे टेसितुरा बघून ठरतं. सर्वात वरचा सूर कोणता याने फार फरक पडत नाही, गाणं बहुतेक वेळ कुठे वावरतं ते बघायचं.

पहिली दोन-तीन वर्षं जुनी इटालियन गाणी. 'कारो मियो बेन', 'आमारिल्ली'. ही हाय आणि लो अशा दोन पट्ट्यांत छापलेली मिळतात, आणि टेनरनेही सुरुवातीला लो पट्टी घ्यायला अजिबात लाजू नये. मग तोस्ती, शूबर्ट, शूमान. गाण्यांची पट्टी बदलता येते. ऑपेऱ्यातल्या आरियाची (एकट्याने गायच्या गाण्याची) बदलता येत नाही, ऑडिशनला ती छापील पट्टीतच हवी. हिंदुस्तानीतून येणाऱ्यांना हे आधी जाचतं, कारण तिथे सा आपला असतो.

त्यानंतर मोत्सार्ट. वर टामिनोचा उल्लेख आला, त्याची 'डीस बिल्डनिस' उघडा. पहिल्याच शब्दांत बी-फ्लॅटवरून जीवर उडी, म्हणजे थेट दुसऱ्या वळणावर. आधी गळा तापवायला एकही ओळ नाही. इथे बहुतेक मुलं जी पकडायला धावतात. युक्ती अशी की खालचा बी-फ्लॅटच आधी हलका आणि जीच्या जागेत विचार करून घ्यायचा. 'इल मियो तेझोरो'त तानेसारखी लांबलचक धाव एका श्वासात काढायची असते. ती वर्षभर अर्ध्या लयीत, दोन श्वासांत गायली तरी चालेल.

आणि 'नेस्सुन दोर्मा', पुच्चीनीची ती पावारोत्तीमुळे गाजलेली आरिया. त्यातला वरचा बी वीस वर्षांच्या मुलाला कधी कधी लागतोही, म्हणूनच फसगत होते. खरा भार त्याखालच्या ऑर्केस्ट्राचा आणि मधल्या जाड ओळींचा आहे. तिशीच्या आधी हे गाणं कपाटात ठेवा.

ऑल्टोताई
मुंबईत पहिलं मोठं काम बहुधा हॅन्डेलचा 'मसाया' (क्वायर, सोलो आणि ऑर्केस्ट्राची मोठी धार्मिक रचना) असतो, त्याची तयारी वेगळी सांगायला हवी. ओव्हर्चर (सुरुवातीचं नुसतं वाद्यसंगीत) संपलं की पहिला माणसाचा आवाज टेनरचाच, सभागृह अजून खोकतंय आणि गळा थंड. बॅकस्टेजला सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी स्ट्रॉमधून सूर काढणं, मग ओठांची फुरफुर, मग पहिली ओळ दोनदा अर्ध्या आवाजात, बस. टेनरच्याच 'एव्हरी व्हॅली' या आरियेतल्या धावांत प्रत्येक सुराआधी 'ह' घुसतो आणि 'हा-हा-हा' ऐकू येतं. मेट्रोनोम साठावर लावून चार-चार सुरांचे गट बांधा, प्रत्येक गटाचा पहिला सूर किंचित ठळक, बाकीचे त्याच श्वासावर घसरत. रोज लय चार-पाच ठोके वाढवा.

काळी_एक
म्हणजे अलंकारच की! पलटे घोटलेल्या मुलाला हे सोपं जाईल.

सूर_शोध
धावांत नक्कीच फायदा, सरगमच्या कानाचाही. पण दोन गोष्टी बदलाव्या लागतात. एक, पियानोचे स्वर समान अंतराचे, तानपुऱ्यावर बसलेला शुद्ध ग तिथे किंचित उतरलेला वाटतो. दुसरी, आवाज मायक्रोफोनशिवाय ऑर्केस्ट्रावरून पोचवायचा. ऑर्केस्ट्राची ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास जास्त, पुढे उतरत जाते. कसलेल्या गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झजवळ एक टोकदार झळाळी असते आणि तेवढ्या भरवशावर तो ऐकू येतो. ती जोर लावून येत नाही, स्वरयंत्र स्थिर आणि घशाची पोकळी मोकळी ठेवल्यावर येते.

गिरगावकर
अवांतर होतंय, तरी लिहितो: आपल्या संगीत नाटकांत मायक्रोफोन यायच्या आधी गंधर्वांचे सूर मागच्या रांगेपर्यंत जात होते ना. आवाज फेकण्याची जाण या शहराच्या रक्तात आहे.

चाळकरी_सुनीत
पण चाळीत किंवा वन बीएचकेत हा रियाज करायचा कसा? वरच्या मजल्यावरच्या काकूंना 'कारो मियो बेन' तोंडपाठ झालं असेल. :)

सूर_शोध
काकूंना ऑडिशनला न्या! :) पूर्ण आवाजाचं गाणं दिवसाला वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठकांपेक्षा जास्त करूच नये, आणि त्या दुपारच्या वेळी. बाकीचं शांतपणे होतं. सरबताचा स्ट्रॉ पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवून त्यातून अख्खी आरिया 'ऊ'वर काढा. शब्द तालात बोला. पियानोची साथ ऐकत मनात गा. तरुण टेनरची निम्मी तयारी अशीच व्हायला हवी.

मनमोकळी
भाषेचं बोला कुणीतरी. उच्चारांवर गुण जातात.

राइनकाठ
मराठी माणसाला इथे मोठी देणगी आहे, ती वापरा. इटालियन टी आणि डी दातांवरचे, म्हणजे आपले त आणि द. इंग्रजीच्या सवयीने 'टुट्टो' म्हणू नका, 'तुत्तो' म्हणा. जोडव्यंजन 'पत्ता' म्हणताना जसं थांबतं तसंच थांबवा. जर्मन झेड म्हणजे 'चांगला'तला च, इटालियन 'ची' म्हणजे 'चिंच'मधला पहिला च. अडचण येते ती जर्मन उम्लाउटची (वर दोन टिंबं असलेल्या स्वरांची) आणि इटालियनमधल्या उघड्या-मिटलेल्या ए-ओची, त्याला शिक्षकच हवा. जर्मनसाठी काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन आहेच. अठराव्या वर्षी सुरुवात केली तर बाविसाव्यापर्यंत बी-वन, बी-टू या मधल्या पातळ्या आरामात.

आणि प्रत्येक गाण्याचा शब्दशः अर्थ पेन्सिलने प्रत्येक शब्दाखाली लिहिलेला असावा. ढोबळ भावार्थ लिहून भागत नाही. परीक्षक मधेच थांबवून 'या शब्दाचा अर्थ?' विचारतात.

घसातज्ज्ञ
डॉक्टर म्हणून चार गोष्टी.

आवाज बसलेला दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची तपासणी) करून घ्या. साध्या आरशाने किंवा टॉर्चने स्वरतंतूंचं कंपन दिसत नाही. आवाज चांगला असतानाही एकदा करून ठेवा, पुढे तुलनेला उपयोग होतो. कार्यक्रमाच्या दिवशी डोकं दुखतं म्हणून ॲस्पिरिन घेऊ नका, रक्त पातळ होतं आणि जोराच्या गाण्यात स्वरतंतूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. सर्दीच्या ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्या घसा कोरडा करतात. आम्लपित्त हा मुंबईच्या गायकांचा छुपा शत्रू: तालीम रात्री साडेनऊला संपते, लोकल पकडून अकराला जेवण, साडेअकराला आडवं. जेवण आणि झोप यात तीन तास हवेत, म्हणजे तालमीच्या आधी सहाला पोटभर खा आणि नंतर हलकं काही.

घसा बसल्यावर कुजबुजून बोलू नका, त्यातही ताण येतो. कमी बोला, जे बोलाल ते साध्या आवाजात. दिवाळीच्या धुरात आणि रात्रभर एसीत झोपून सकाळी उंच सूर लावणं टाळलेलं बरं.

चाळकरी_सुनीत
धन्यवाद डॉक्टर. परीक्षांचं काय? लंडनच्या परीक्षासंस्थांपैकी ट्रिनिटी की एबीआरएसएम?

पियानो_सोबती
दोन्ही मुंबईत होतात, दोन्ही चालतात. एबीआरएसएमला सहावी ते आठवी ग्रेड देण्याआधी थिअरीची पाचवी (किंवा तिचा ठरलेला पर्याय) पास लागते. ट्रिनिटीला ही अट नाही, म्हणून बरीच मुलं ट्रिनिटी घेतात आणि थिअरी कच्ची ठेवतात. परदेशी प्रवेशात तिथेच अडकतात. कुठलीही घ्या, थिअरी कराच. आठवी ग्रेड म्हणजे शिक्षण पूर्ण असं समजू नका, चांगल्या संस्थेत ती सुरुवातीची पायरी धरतात.

राइनकाठ
परदेशाचं थोडं सविस्तर, कारण इथे गैरसमज फार.

इंग्लंडातल्या बहुतेक संस्थांचे अर्ज यूकॅस कॉन्झर्व्हेटॉयर्स या एकत्रित अर्जसेवेतून, मुदत प्रवेशाच्या आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपते. म्हणजे रेकॉर्डिंग ऑगस्टमध्ये तयार हवं. शिकवणी शुल्क जड, शिष्यवृत्तीशिवाय बहुतेकांना अशक्य.

जर्मनीत बहुतेक राज्यांतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत शुल्क नाममात्र. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो. व्हिसासाठी २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) दाखवावे लागतात. प्रवेश परीक्षेत गाण्याबरोबर श्रवण परीक्षा असते: सुरांची अंतरं ओळखणं, वाजवलेली धून लिहून काढणं, न बघितलेली ओळ वाचून गाणं. आपली मुलं गाण्यात पास होऊन इथे नापास होतात, कारण घरी रोजची पंधरा मिनिटं यासाठी कुणी ठेवत नाही. गायनाला बऱ्याच ठिकाणी वयाची कमाल मर्यादा असते, त्यामुळे बॅचलर करायचं तर विशी ओलांडल्यावर फार रेंगाळू नका. इथली पदवी करून मास्टर्सला जाणं हाही सरळ मार्ग.

शिक्षणानंतर तिथे ऐंशीच्या आसपास सरकारी मदतीवर चालणारी ऑपेरागृहं आहेत आणि बऱ्याच ठिकाणी गायक पगारावर असतात. करार वर्षाचा, पुढच्या हंगामाला ठेवायचं नसेल तर ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवावं लागतं. पगार, विमा, स्टेजचा सराव सगळं मिळतं. तोटा असा की सोमवारी ऑपेरेटा (हलकाफुलका ऑपेरा), बुधवारी मोत्सार्ट, शुक्रवारी मुलांचा ऑपेरा, आणि नाही म्हणायची सोय कमी. वर काउफमानचा उल्लेख आला तो याच रेट्याचा.

मनमोकळी
स्पर्धा?

राइनकाठ
ओपेरालिया १९९३ पासून, वय १८ ते ३२. कार्डिफची 'सिंगर ऑफ द वर्ल्ड' १९८३ पासून. पण या तयार गायकांसाठी. विशीत फक्त वयोगटाच्या लहान स्पर्धा, तेही परीक्षकांचे शेरे मिळणार असतील तर.

सूर_शोध
रेकॉर्डिंगबद्दल लिहायचं राहिलं होतं. अर्ज बहुतेक याच पायरीवर फसतात.

फोन चालेल, पण ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप बदलण्याची सोय) बंद करा, नाहीतर वरचा सूर आला की आवाज आपोआप दाबला जातो आणि गायक लहान वाटतो. वेगळा माइक दोन ते तीन मीटर लांब, छातीच्या उंचीवर. सर्वात मोठा सूर आधी गाऊन पातळी ठरवा, मग पूर्ण गाणं. रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लावू नका, तुकडे जोडू नका. कॅमेरा स्थिर, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत माणूस दिसावा. टाइल्सची खोली नको, पडदे आणि पुस्तकं असलेली किंवा चर्चचं सभागृह बघा. पंखा बंद, खिडक्या बंद, सकाळी सात ते नऊ ही वेळ त्यातल्या त्यात बरी.

पियानोचं विसरू नका. पावसाळ्यात हवा दमट झाली की साउंडबोर्ड (आतली लाकडी फळी) फुगतो आणि मधल्या पट्टीतले सूर चढतात, एसी लावला की उतरतात. ट्यूनर आदल्या दिवशी बोलवा आणि एसी ट्यूनिंगच्या वेळी जसा होता तसाच रेकॉर्डिंगला ठेवा. पियानो चढा असेल तर गायकाचा वरचा ए फुकटात आणखी कठीण होतो.

गिरगावकर
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो. आज एकवीस वर्षांचा, ग्रेड सहाच्या आसपासचा, बॅरिटोन की टेनर अशी शंका असलेला मुलगा असेल तर?

पियानो_सोबती
शंका असेल तर नाव देऊ नका. दोमिंगो आणि बेर्गोन्झी दोघेही आधी बॅरिटोन म्हणून गायले. बेर्गोन्झी टेनर म्हणून उभा राहिला तो १९५१ मध्ये. आवाजाचं वळण कुठे येतं ते दर सहा महिन्यांनी तपासा. वरच्या टोकाचा सूर किती लागतो यावरून निर्णय नको. तोवर मधल्या पट्टीतली गाणी.

सूर_शोध
त्यात एवढंच घालतो: एकवीस ते तेवीस एक शिक्षक, एक क्वायर, थिअरी, जर्मन किंवा इटालियन यापैकी एक भाषा. मोत्सार्टची एकच आरिया, वर्षभर. तेवीस-चोविसाव्या वर्षी अर्ज. यंग आर्टिस्ट प्रोग्रॅमसाठी (ऑपेरागृहांच्या तरुण गायकांच्या प्रशिक्षणासाठी) साधारण पाच आरियांचा संच लागतो, चार भाषांत, त्यात एक मोत्सार्ट. तो पंचवीसच्या पुढे जमवा. पाचही आरिया लागोपाठ गाऊन गळा ताजा राहत असेल तरच संच तयार. शिक्षक दर सहा महिन्यांनी बदलू नका. पण हलक्या आवाजाचं काम न देता सतत 'आणखी मोठ्याने' म्हणणारा शिक्षक लगेच बदला.

मनमोकळी
हे पटलं. मोत्सार्ट हाती असेल तर लवकर संधी घ्यावी, नसेल तर नाही म्हणावं, असं माझ्या आधीच्या प्रतिसादात वाचावं.

चाळकरी_सुनीत
शेवटचा प्रश्न. ऑडिशनला अनोळखी पियानोवादक असतो, त्याला पानं कशी द्यायची? आणि मुंबईत स्वरलिपी कुठे?

पियानो_सोबती
धोबी तलावच्या फुर्टाडोजमध्ये इटालियन गाण्यांचे संग्रह मिळतात. ऑपेऱ्यांचे पूर्ण व्होकल स्कोअर (गाणं आणि पियानोची साथ छापलेली पुस्तकं) मागवावे लागतात, तेव्हा दोन महिने हाताशी ठेवा. वादकासाठी दोन्ही बाजूंनी छापून रिंग फाइलमध्ये लावा. चकाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नको, दिव्याखाली काही दिसत नाही. खालची डाव्या हाताची ओळ झेरॉक्समध्ये कापली गेली नाही ना, ते प्रत्येक पानावर तपासा. गाळलेला भाग पेनाने खोडून बाण काढा, श्वासाच्या जागा पेन्सिलने स्वल्पविरामासारख्या. लय तोंडाने 'जरा जलद' अशी सांगू नका, पहिली ओळ हलक्या आवाजात गुणगुणून दाखवा. पान उलटायची जागा वरच्या सुराच्या मधोमध येत असेल तर ते पान वेगळं छापून शेजारी चिकटवा.